नखातली नाचणी

१

भोरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत रखमाजींचं मृदंगाचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, दोन खोल्या आणि मधे एक पडदा. पुढच्या खोलीत मृदंग, मागच्या खोलीत रखमाजी. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, शब्द टाळ्याला चिकटू लागले, तेव्हा त्या मानी माणसानं बोलणंच टाकलं. नुसतं हूं आणि अंहं. तेव्हापासून हातोडी त्यांच्या मुलीकडे, अश्विनीकडे आली. हातोडी आली, पण हात काही आला नाही, असं गिऱ्हाइकं म्हणत. तोंडावर नाही म्हणत, गल्लीच्या कोपऱ्यावर गेल्यावर म्हणत. आणि गल्ली काही फार लांब नव्हती.

रोज सकाळी पेज शिजत घालून अश्विनी वडिलांचे हात धुई. आधी उजवा, मग डावा. उजवा हात अजून तिचं बोट धरायचा. डावा नुसता जड. त्याची करंगळी अर्ध्यावर तुटलेली होती. तरुणपणी पटाशी निसटली होती म्हणे. आठवड्याला ती त्यांची नखं कापी, तेल चोळी, हात पुन्हा पांघरुणाखाली ठेवी. दोन वर्षांत तो हात ठेवला तिथून तसूभर हलला नव्हता.

त्या सकाळी डाव्या हाताच्या नखांत तिला तांबूस काहीतरी दिसलं. रक्त समजून ती चरकली. काडीनं काढून बोटांत चोळलं, तर पीठ. ओलसर, चिकट, नाचणीचं.

घरात नाचणी नव्हती. वडिलांना, म्हणजे अण्णांना, घास गिळवत नसे म्हणून त्यांना पेज, आणि ती स्वतः तांदळाची भाकरी खाई. दुकानात मृदंगासाठी कणीक असायची, पण ती गव्हाची. अश्विनीनं शेजारच्या पारूबाईंना हाक मारली. ती बाहेर गेली की अण्णांपाशी त्याच बसत.

"पारूमावशी, अण्णांना नाचणीची आंबील पाजली का तुमी?"

"न्हाई गं बाई. अन् पाजली तर तोंडात पाजीन, नखात कशाला पाजू?"

अश्विनी हसली. पण हे तिला तिसऱ्यांदा दिसत होतं. आधीच्या दोन वेळी तिनं धुऊन टाकलं होतं आणि विसरायचं ठरवलं होतं. ठरवून विसरलेली गोष्ट जशी विसरते तशीच ती विसरली होती, म्हणजे अजिबात नाही.

२

दोन दिवसांनी पासलीचे आनंदराव आले. वेल्ह्यापर्यंत दुधाच्या टेम्पोनं, पुढं दोन एसट्या बदलून, आणि मांडीवर घोंगडीत गुंडाळलेला गावचा मृदंग. आनंदराव तिथल्या भजनी मंडळाचे जुने म्होरके. आत जाऊन त्यांनी रखमाजींच्या पायाला हात लावला, मग बाहेर येऊन पोत्यावर बसले.

"गावचा मिरदुंग फाटला गं पोरी. बारा दिवसांवर सप्ता आला. पयल्याच दिवशी एकादशी."

मृदंगाला दोन तोंडं असतात. उजवं लहान, त्यावर काळ्या शाईचा टिळा; ते टणत्कारानं बोलतं. डावं मोठं, ती धुम. वाजवायच्या आधी दर वेळी धुमेवर ओल्या कणकेचा गोळा थापायचा आणि भजन संपलं की खरवडून काढायचा. जेवल्याशिवाय मृदंग बोलत नाही, असं जुनी माणसं म्हणतात. त्यात जितकी थट्टा आहे तितकंच खरंही आहे, कारण कणकेशिवाय धुम रिकाम्या डब्यासारखी वाजते.

बाकीचं सगळं अश्विनीला पाठ होतं. खैराचं खोड जड, ते आवाज धरून ठेवतं. आंब्याचं हलकं, ते सांडून टाकतं. डोंगरात चरलेल्या शेळीचं कातडं चिवट. दावणीला पोसलेलीच्या कातड्यात चरबी, ते दमट हवेत झोपतं. ती तेच खैर घेई, तसंच कातडं घेई, नीरेच्या त्याच पाण्यात भिजवी. तरी तिची धुम धप्प म्हणायची आणि संपायची. अण्णांची धुम थाप पडल्यावर किंचित थांबायची, मग जमिनीतून वर यावी तशी यायची आणि ऐकणाऱ्याच्या पोटात शिरायची. अश्विनीचा मृदंग वाजतो, रखमाजीचा बोलतो, अशी म्हणच पडली होती.

झटका येण्याआधी तिनं किती वेळा विचारलं होतं. अण्णा म्हणत, "सांगून येत न्हाई ते. बघ माझ्याकडं." वीस वर्षं ती त्यांच्या उजव्या बाजूला बसून बघत आली होती. रापी कशी धरतात, तिच्या पात्यानं कातडं किती तासतात, कुठं थांबतात. सगळं बघितलं, आणि हाती काही लागलं नव्हतं.

तिनं घोंगडी सोडली आणि तिचा हात तिथंच थांबला. धुमेवर वाळलेल्या लेपाचे तुकडे चिकटले होते. तांबडे.

"तात्या, हे काय लावता तुमी?"

"नाचणी. तिच्यात भात चुरायचा, म्हंजी धरती. आमच्याकडं डोंगरात गहू कुठला? पणज्यापासनं हेच."

"भजन कधी असतं तुमचं?"

"दर एकादशीला."

मागच्या खोलीत अण्णांच्या नखांत नाचणी सापडली तो द्वादशीचा दिवस होता. आधीचे दोन दिवस कुठले, ते आठवायला तिला कॅलेंडर लागलं नाही. पासली भोरपासून दोन एसट्या आणि एक टेम्पो लांब. आपण कुणाच्या तरी नाचणीच्या भाकरीच्या टोपलीला हात लावला असेल, कुठल्या गिऱ्हाइकाच्या मृदंगाला लागली असेल, तोच हात अण्णांना लागला असेल. असेल. बाईमाणसाच्या हाताला दिवसभरात काय काय लागतं.

"हितं बघ," आनंदराव म्हणाले. धुमेच्या कडेला बोटभर चीर होती. "अन् गेनू, आमचा वाजवणारा, म्हणतो दोन वर्सं झाली, म्या एक थाप मारली की दोन येत्यात. भ्याला न्हाई तो. म्हणतो, लई ग्वाड लागतं. जनू कुनी संगं वाजवतंय."

अश्विनी चिरेवर बोट फिरवत होती. बाहेरून मार बसून फाटलेलं कातडं आत वळतं. या चिरेच्या कडा बाहेर वळल्या होत्या.

"पोरी, सरळ सांगतो," आनंदराव म्हणाले. "गावात दोन मतं हायेत. पोरं म्हणत्यात, फायबरचा आणू, कणीक नको न् काय नको. म्या म्हणलं, रखमाजीच्या लेकीला एक डाव बघू. बोलला तर बोलला. न्हाईतर ह्यो देवळात टांगून ठिवायचा." जाताना त्यांनी एक कातडं काढून दिलं. "धनगरवाड्यावरच्या शेळीचं हाय. गावच्या मिरदुंगाला गावचंच कातडं."

अश्विनीनं मान हलवली. तिच्या फडताळात वरव्याच्या एका कारखान्यातला पॅकिंगच्या कामाचा अर्ज पडून होता. त्यावर फक्त सही राहिली होती. हा मृदंग नाही बोलला तर सही करायची आणि दुकानाला कुलूप लावायचं, असं तिनं त्याच क्षणी मनाशी ठरवलं.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गट्टे काढले, वाद्या सैल केल्या. गट्टे म्हणजे लाकडी गुंड्या, वाद्या म्हणजे दोन्ही तोंडं एकमेकांना खेचून धरणाऱ्या चामड्याच्या पट्ट्या. अण्णांनी अकरा वर्षांपूर्वी ओवलेली एकेक वादी सोडताना तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्या कुठल्याच मृदंगावर आता त्यांच्या हातची धुम उरली नव्हती.

कातडं माणसाचा हात सांगतं. वाजवणाऱ्याचा तळवा जिथं टेकतो तिथं ते गुळगुळीत होतं, काळवंडतं, बोटांच्या जागी पातळ होतं. धुम हातात घेऊन अश्विनी सांगू शकायची की माणूस जाडा की किडकिडीत, शेतकरी की मास्तर. गेनूचा हात तिला लगेच ओळखू आला. रुंद, भाताची रोपं लावणारा, अंगठा लांब.

मग तिनं धुम उलटी केली.

आतल्या बाजूला कुणाचा हात पोचत नाही. आत अंधार असतो, लाकडाचा भुसा असतो, एखादी कोळ्याची जाळी. आतलं कातडं कोरं, केसाळ राहतं, मृदंग शंभर वर्षांचा असला तरी. हे कातडं आतून झिजलं होतं. तळव्याचा गोल तुकतुकीत झाला होता. वर चार बोटं, आणि पाचवं बोट अर्ध्यावर थांबलेलं.

दमट हवेनं डाग पडला असेल. कातडं कमावतानाच कुठं चुना जास्त लागला असेल. तिची बुद्धी भराभरा कारणं पुढं करत होती आणि ती एकेक नाकारत होती, कारण हाच तर तिचा धंदा होता. चुन्याचा डाग कसा असतो आणि हाताची झीज कशी असते, हे तिला कळत नसेल तर भोरात कुणाला कळणार?

ती धुम घेऊन मागं गेली. अण्णा छताकडं बघत पडले होते. तिनं त्यांचा डावा हात उचलला आणि आतल्या खुणेवर ठेवला. तळव्यावर तळवा, बोटांवर बोटं. करंगळी जिथं तुटली होती तिथंच खूण संपत होती.

"अण्णा, हे कसं हो?"

रखमाजींनी मान वळवली. त्यांच्या डोळ्यांत तिला ना भीती दिसली ना नवल. लांबच्या कामावरून दमून आलेल्या माणसाचे असतात तसे ते डोळे होते.

४

नवं कातडं रात्रभर पाण्यात होतं. दुपारी वीज गेली, गल्ली सामसूम झाली. पारूबाई मागं अण्णांपाशी सुपारी कातरत बसल्या होत्या; अडकित्त्याचा कट् कट् आवाज पडद्यातून येत होता. अश्विनीनं खोड मांडीवर आडवं घेतलं. धुमेचं तोंड उजव्या हाताला, दुसरं तोंड उघडं, डावीकडं, दाराच्या बाजूला. ओलं कातडं मापाला बसवायचं, सुतळीनं आवळायचं आणि तसंच ताणलेलं असताना रापीनं तासायचं. ही पहिली बैठकच सगळं ठरवते. नंतर वाद्या कितीही खेचा, इथं चुकलेलं तिथं सुधारत नाही.

कातडं बसेना. एका बाजूनं ओढलं की दुसरीकडं चुणी पडायची. ते गार, निसरडं, तिच्या बोटांतून सुटायचं. तिसऱ्या खेपेला ती रडकुंडीला आली. आणि मग चुणी आपोआप गेली. कातडं सगळीकडून सारखं झालं, पाळण्याची झोळी मूल ठेवल्यावर होते तसं भरलं, बाहेरच्या अंगाला किंचित फुगलं.

दारातलं ऊन खोडाच्या उघड्या तोंडातून शिरून ओल्या कातड्याला आतून लागलं होतं. सगळी धुम मधासारखी उजळली होती. त्या उजेडात चार काळसर ठिपके आले. मग खाली एक, जाडसर. करंगळीचा ठिपका इतरांच्या पुष्कळ खाली होता.

खोड न हलवता अश्विनी वाकली आणि पलीकडच्या तोंडातून आत डोकावली. खोड रिकामं होतं. पटाशीचे जुने घाव, उन्हात तरंगणारी धूळ, आणि पार टोकाला कातडं. त्या कातड्यात पाच खळगे पडले होते, कणकेत बोटं रुतावी तसे. खळगे हलत होते. कडेकडेनं, सावकाश, जसं कुणी काही चाचपडतंय.

"अश्विनी!" पडद्याआडून पारूबाई ओरडल्या. "अगं तुझ्या अण्णांची बोटं हलत्यात गं! डावी!"

कुठलीही लेक धावत गेली असती. अश्विनीच्या तोंडून मात्र निघालं, "हलू द्या, मावशी. हात धरू नका त्यांचा."

ती परत धुमेकडं वळली तेव्हा ठिपके एका जागी थांबले होते. दोनदा दाबलं गेलं. तिनं तिथं अंगठा ठेवला. कातडं जाड होतं, केसभर, डोळ्याला न दिसण्याइतकं. तिनं रापी लावून तासलं. ठिपके पुढं सरकले. पुन्हा थांबले, पुन्हा दोनदा दाबलं. ती तासत गेली.

आणि तेव्हा तिला कळलं. वीस वर्षं ती उजव्या बाजूला बसून उजवा हात बघत होती. रापी, कातडं, रापी. डावा हात तिला कधी दिसलाच नव्हता, कारण तो खोडाच्या आत असायचा. कोपरापर्यंत आत घातलेला, कातड्याला आतून तळवा लावलेला. जाड-पातळ बाहेरून कळतच नाही. ते आतून कळतं. 'बघ माझ्याकडं' म्हणणाऱ्या अण्णांनाही ठाऊक नसेल की ती चुकीच्या हाताकडं बघतेय. ज्याचा हात रोज तिथं असतो त्याला तो सांगावासा कशाला वाटेल? अश्विनीला हसूही आलं आणि रडूही आलं. इतकं साधं होतं ते.

५

धुमेचा पाऊण फेर झाला आणि ठिपके नाहीसे झाले. तिनं वाट पाहिली. पडद्याआडून पारूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "थांबली गं बोटं."

कातडं वाळत चाललं होतं. वीतभर कड राहिली होती आणि ती वाळली की मग कुणाच्या बापालाही तासता येणार नव्हती. अश्विनीला समजलं की राहिलेलं तिचं आहे. त्यासाठी हात आत घालावा लागणार होता.

ती भ्याली. उगाच शूरपणा कशाला सांगायचा? दारातून रस्ता दिसत होता, समोरच्या पानपट्टीवर माणूस उभा होता, सगळं रोजचं होतं, आणि तिच्या मांडीवर एक तोंड उघडं होतं. तिला फडताळातला अर्ज आठवला. मग तिनं बांगड्या वर सरकवल्या आणि डावा हात खोडात घातला.

आत गारवा होता. पटाशीचे घाव कोपराला लागत होते. तळवा कातड्याला टेकला आणि ती चकितच झाली. तांदूळ निवडताना बोटांना खडा लागतो तशी जाडी हाताला लागत होती. इथं केसभर, तिथं त्याहून थोडी. उजव्या हातातली रापी आता तिकडं आपण होऊन जात होती. तिनं तासलं. अजून थोडं तासलं.

तेव्हा तिच्या हाताच्या पाठीवर दुसरा हात येऊन टेकला.

उबदार, ओला. त्यानं तिचा हात धरला नाही. पाटीवर अक्षर गिरवणाऱ्या पोराच्या हातावर मोठ्यानं हात ठेवावा तसा तो नुसता होता, आणि तिच्या करंगळीवर त्याची करंगळी मधेच संपत होती. दोघांनी मिळून राहिलेली कड पुरी केली. घाई कुणालाच नव्हती. अश्विनीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता, आणि असता तरी तिनं पुसलं नसतं. जन्मात इतकी मोठी गोष्ट आपल्याला कधी मिळाली नाही, एवढंच तिला वाटत होतं.

मग वजन गेलं. हात उचलला गेला असं तिला जाणवलं नाही, बाजूला सरकला असंही नाही. होता, आणि मग तिच्या हाताखेरीज तिथं काही नव्हतं.

६

सप्त्याच्या आदल्या दिवशी आनंदराव गेनूला घेऊन आले. गेनूनं दुकानातच पिशवीतल्या नाचणीचा गोळा मळला, धुमेवर थापला, मांडी घातली आणि एकच थाप दिली. आवाज किंचित थांबला. मग आला. फळीवरच्या हातोड्या थरथरल्या, पारूबाईंच्या हातातली सुपारी पडली. गेनू मृदंगाच्या पाया पडला.

मागच्या खोलीत रखमाजींनी तोंड उघडलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. "दिला," ते म्हणाले.

"काय दिलं, अण्णा?" पडदा सारून आत येत अश्विनीनं विचारलं.

त्यांनी डोळे मिटून घेतले. तोंडाच्या सरळ बाजूनं ते हसत होते.

संध्याकाळी अश्विनीनं कारखान्याचा अर्ज चुलीत घातला. एकादशीला ती लवकर जेवून झोपली. द्वादशीच्या सकाळी पेज शिजत घालून तिनं अण्णांचे हात धुवायला घेतले. डावा हात आज हलका होता. नखं स्वच्छ, पांढरी. नऊही नखं तिनं दोनदा बघितली आणि हात पुन्हा पांघरुणाखाली ठेवला.

तेवढ्यात मोबाईल वाजला. आनंदराव होते. "पोरी, काल आक्खी पासली जागेवरनं उठली न्हाई. रखमाजीचाच हात गं तुझा!" मग आवाज जरा खाली आला. "गेनू म्हणतो, दुसरी थाप अजून येती. पर आता हलकी लागती. बाईमाणसाच्या हाताची."

"बरं, तात्या," अश्विनी म्हणाली आणि फोन ठेवला.

तिनं स्वतःचा डावा हात उजेडात धरला. नखांत तांबूस रेघ होती, ओली. घरात नाचणी नव्हती. अण्णा उशीवरून तिच्याकडं बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत आता पाणी होतं. ते आनंदाचं की कशाचं, हे तिनं विचारलं नाही.

चहा निवत चालला होता. कप उचलायला तिनं डावा हात पुढं केला. हात आला, पण जरा उशिरा आला.